कुंदाताईंच्या दुकानात कूलर नव्हता

माझ्या मेडिकलच्या समोरच्या गाळ्यात आता नवीन दुकान झालं आहे. बोर्डावर रंगीत दिवे पळतात आणि दाराशी कूलरची रांग लावलेली असते. परवा काउंटरवरून तिकडं बघताना मला कसंसंच झालं. त्याच गाळ्यात कुंदाताई रेडीजांचं ‘रेडीज इलेक्ट्रॉनिक्स’ होतं तेव्हा तिथं टीव्हीपासून टॉर्चपर्यंत सगळं मिळायचं, फक्त कूलर मिळायचा नाही.

एप्रिल उजाडला की एखादं घामाघूम गिऱ्हाईक पायऱ्या चढून कूलर मागायचं. कुंदाताई डोळ्याला लावलेलं भिंग कपाळावर सरकवायच्या, त्याला वरपासून खालपर्यंत बघायच्या आणि विचारायच्या, “गाव कुठला तुमचा?” माणूस इथलाच असायचा. मग ताई म्हणायच्या, “मग? हवेत पाणी कमी पडला काय तुम्हाला? कूलर नागपुरात. इथं कूलर लावणं म्हणजे घामाला पाणी पाजणं. पंखा घ्या, नाहीतर आंब्याखाली जाऊन बसा.” गिऱ्हाईक हात हलवत परत. मी इकडून ओरडायचो, “ताई, धंदा करायचा नसेल तर किल्ली माझ्याकडे द्या.” त्या तिकडून म्हणायच्या, “सदा, तू तुझी खोकल्याची बाटली विक. ती तरी कुठं लागू पडते कोणाला?”

हे कूलरचं जरा लक्षात ठेवा.

गावाचं नाव मी लिहीत नाही. सावर्ड्याच्या आसपासचं, हायवेवरचं गाव आहे, एवढं पुरे. नाव लिहायला हात धजत नाही. दुसऱ्या कुठल्या शहरात दुकानं फोडलेली टीव्हीवर दिसली की चहाचा घोट घेत ‘आपल्या कोकणात नाही हो असलं’ म्हणणारी आम्ही माणसं. तो टीव्हीही बहुतेक कुंदाताईंकडूनच आणलेला असायचा.

कुंदाताई ठेंगण्या, पन्नाशी ओलांडलेल्या. सुती साडीवर निळा, खिसेवाला कोट घालायच्या. एका खिशात स्क्रू-ड्रायव्हर, दुसऱ्यात भाजलेल्या काजूगरांची पुडी. सुरंगीच्या दिवसांत केसांत सुरंगीचा वळेसर, एरवी अबोली. त्यांच्या दुकानात शिरलं की सोल्डरचा धूर आणि फुलांचा वास असा काही मिसळून यायचा की डोकं दुखतंय की बरं वाटतंय तेच कळायचं नाही. त्यांचे वडील रेडिओ दुरुस्त करायचे. त्यांच्या मागून ताईंनी रत्नागिरीला आयटीआय केलं, वर्गात एकटीच मुलगी. लग्न केलं नाही. कुणी आगाऊपणे विचारलंच तर म्हणायच्या, “सेट उघडल्याशिवाय दोष कळत नाही, आणि नवरा काही उघडून बघता येत नाही.”

त्यांच्या तोंडातला शब्द म्हणजे ‘ठेवून जा’. फोन बंद पडला, ठेवून जा. मिक्सर जळला, ठेवून जा. पावती नाही, चिठ्ठी नाही. वस्तू मागच्या फळीवर जायची आणि मालकाचं नाव त्यांच्या डोक्यात. माणसं फोन, म्हणजे आजच्या काळात आपला अर्धा जीवच, त्या फळीवर ठेवून खुशाल बाजाराला निघून जायची. पाण्यात पडलेला फोन कुणी तांदळात ठेवून मग आणला की मात्र ताईंचं डोकं फिरायचं. “आता याचा भात कर आणि जेव,” म्हणायच्या. टीव्ही उघडला की आतली मुंग्यांची वारुळं नि पालीची अंडी मालकाला बोलावून दाखवायच्या, आणि वर एक वाक्य ऐकवायच्या: “वस्तू वाईट नसते. ठेवणूक वाईट असते.”

फोन दुरुस्त झाला तरी तो लगेच हातात मिळायचा नाही. त्यांच्यासमोर उभं राहून घरी फोन लावायचा, स्पीकर चालू करून. बोलायचं काय, तेही ठरलेलं: आज काय जेवण केलंय? पलीकडून ‘कुळथाची पिठी’ असं स्वच्छ ऐकू आलं की ताई मान हलवायच्या. त्यामुळं कुठल्या घरात आज काय शिजलंय, ते अख्ख्या बाजाराला माहीत. एकदा एका तलाठ्याच्या बायकोनं स्पीकरवर त्याला जे सुनावलं, ते आम्ही आठ दिवस एकमेकांना ऐकवत होतो. ताईंनी तेवढंच विचारलं, “आवाज नीट आला ना?”

आता मधुकाका. ते लोट्याला एका केमिकल कंपनीत पाळीवर जायचे. सारी उमर कंपनीच्या बसनं गेले नि आले आणि निवृत्त झाले ते छाती खराब करूनच. कोरोनात त्यांचं काही खरं नव्हतं, पण वाचले. तेव्हा गावच्या मुंबईकर मंडळींनी हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारं एक मशीन पाठवलं होतं. साथ गेल्यावर ते मधुकाकांच्या घरी राहिलं, कारण त्यांना त्याच्याशिवाय चालेनाच. मशीन आतल्या खोलीत असायचं. काकींनी त्याला लोकरीचं विणलेलं झाकण घातलं होतं. आमच्याकडे मिक्सरलाही झाकण असतं, मग नवऱ्याच्या श्वासाला का नको? काका पडवीत आरामखुर्चीत आणि आतून एक लांब नळी त्यांच्या नाकापर्यंत. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसायची ती नळी. झाकणाखालचं मशीन कसं आहे, ते काकी, कुंदाताई आणि नळ्या पुरवणारा मी, एवढ्या तिघांनाच ठाऊक.

मे महिन्यात मशीन घरघरायला लागलं. ताईंनी स्वतः जाऊन बघितलं आणि म्हणाल्या, “दुकानात पाठवा.” तेवढ्यापुरता चिपळूणहून भाड्याचा सिलिंडर आणला. ताईंनी मशीनचा पंखा बदलला, आतली नळी बदलली, आणि ते गुणी पोरासारखं चालायला लागलं. काकींचा निरोप आला, न्यायला माणूस पाठवू का? ताई म्हणाल्या, “एक दिवस राहू दे. एक दिवस चालवून बघते. छातीचं काम आहे.”

तो एक दिवस.

दुपारी हायवेच्या कामावरच्या डंपरनं नाक्याजवळ स्कूटीवरच्या एका कॉलेजच्या मुलीला चिरडलं. मुलगी जागीच गेली. तो रस्ता आम्ही किती वर्षं सोसतोय ते इथं सांगत बसत नाही. लोक भडकले, आणि भडकायलाच हवे होते. रास्ता रोको झाला. कुंदाताईही दुकान ओढून घेऊन रस्त्यावर जाऊन बसल्या. उन्हात बसलेल्यांना पाणी त्यांनीच नेऊन दिलं. मग डंपरवर दगड पडले, मग डंपर पेटला. त्या धुरात माणसांचे चेहरेच बदलले. ओळखीची माणसं अनोळखी दिसायला लागली, तेव्हा ताई उठून दुकानाकडे आल्या आणि मला म्हणाल्या, “सदा, शटर ओढ अर्धं.”

मेसेज माझ्याही फोनवर आला. डंपरचा ड्रायव्हर रेडीजच्या गोडाऊनमध्ये लपलाय म्हणे. ड्रायव्हर तेव्हा पोलीस ठाण्यात बसला होता आणि रेडीजना गोडाऊनच नव्हतं. त्या डंपरवाल्यांचे फोन ताईंकडे दुरुस्तीला यायचे, एवढाच काय तो संबंध. पण मेसेज ज्या फोनांवर फिरला त्यांतल्या निम्म्यांची काच ताईंनीच बसवलेली होती.

जमाव पायऱ्यांपाशी आला तेव्हा ताई काय करतील असं तुम्हाला वाटतं? कुलूप घालून मागच्या दारानं पळतील? त्यांनी शटर स्वतःच्या हातानं वर केलं. म्हणाल्या, “या. दोघं जण आत येऊन बघा, ड्रायव्हर आहे काय. बाकीच्यांनी पायरीवर थांबा.” ज्यांनी वर्षानुवर्षं त्यांच्या फळीवर वस्तू ठेवल्या, ती माणसं पायरीवर थांबतील, असा त्यांचा हिशोब. दोघं आत गेले. त्यांच्या मागून चौघं. मग मी मोजणं सोडलं.

ड्रायव्हर मिळाला नाही. टीव्ही मिळाला.

पहिला टीव्ही भिंतीवरून उतरला तो आवाज मला अजून ऐकू येतो. तोवर कुणाच्या मनात तसं नसावं असं मी धरून चालतो, पण एकानं उचलला म्हटल्यावर दुसऱ्याचा हात फ्रिजला लागला. मी समोर शटरच्या फटीतून बघत होतो आणि जे दिसत होतं ते डोक्यात शिरत नव्हतं. ताईंना कुणी हात लावला नाही, हे मी मुद्दाम सांगतो. उलट एक जण म्हणाला, “ताई, जरा बाजूला व्हा, तुम्हाला लागंल.” त्यांना दंडाला धरून हळूच कडेला उभं केलं, आणि मग त्यानं वॉशिंग मशीन ओढलं. त्या सभ्यपणाची मला शिवीगाळीपेक्षा जास्त भीती वाटली.

ताई फक्त एकदा ओरडल्या. टीव्ही जाताना नाही, फ्रिज जाताना नाही. मागच्या फळीला हात लागला तेव्हा. “ते फोन गिऱ्हाइकांचे आहेत! ते माझे नाहीत, ते ठेवा!”

पोलीस आले तोवर दुकानात भिंती आणि जमिनीवर सांडलेले स्क्रू उरले होते. मी धावत गेलो. ताई मागच्या दारापाशी उभ्या होत्या आणि तिथल्या मोकळ्या कोपऱ्याकडे बघत होत्या. मला म्हणाल्या, “सदा, काकांचं मशीन.”

पुढचे दिवस मी कधी विसरणार नाही. जमावबंदी लागली, इंटरनेट बंद झालं. माझ्या दुकानात माणसं फोन हातात धरून उभी. पैसे फोनमध्ये, रोख कोणाकडेच नाही. मी ओळखीवर औषधं देत राहिलो. समोर ताईंच्या रिकाम्या दुकानापुढे तर रांगच लागली. एका बाईचा नवरा बोटीवर नोकरीला. तो लावणार तो फोन त्याच नंबरवर, आणि तो फोन फळीवर होता. एका मुलीच्या प्रवेशाच्या अर्जाचे निरोप येणार तेही त्याच फळीवरच्या फोनवर. कुणाची बँक, कुणाच्या मेलेल्या आईचे फोटो. सगळे विचारायचे एकच, “ताई, माझा फोन तुमच्याकडे होता ना?” ताई प्रत्येकापुढे हात जोडायच्या. मला सगळ्यात जास्त धक्का बसला तो एका तरण्याताठ्या गड्याला त्या रांगेत बघून. त्याला मी माझ्या डोळ्यांनी साउंडबार बगलेत मारून जाताना बघितलं होतं. त्याचाही फोन दुरुस्तीला होता, आणि तो कुणीतरी दुसऱ्यानंच नेला होता. “काय दिवस आलेत, ताई,” तो म्हणाला, अगदी मनापासून.

फौजदारांनी नावं विचारली. ताई म्हणाल्या, “तोंडाला रुमाल होते.” मला मात्र नंतर म्हणाल्या, “तोंडं झाकली होती, फोन उघडेच होते. शूटिंग करत होते ना मेले. फुटका कोपरा मी चिकटवलेला, कव्हर मी घातलेलं. एकूण एक ओळखते.” मग सांगत का नाही, मी चिडून विचारलं. त्या म्हणाल्या, “आधी मशीन मिळू दे. आता नावं सांगितली तर जो तो घरातली वस्तू खाडीत टाकेल.” विमावाला साहेब आला, त्यानं शटर तपासलं आणि विचारलं, “हे तर तुटलेलं नाही. मग घुसले कसे?” ताई म्हणाल्या, “मी उघडलं.” तो माझ्याकडे बघायला लागला. मग त्यानं फाइल मिटली.

ताईंना स्वतःच्या मालाचं जणू सोयरसुतकच नव्हतं. मधुकाकांचा सिलिंडर संपत आला होता आणि चिपळूणचा गाडीवाला यायला तयार नव्हता. गाडी फोडली तर भरून कोण देणार, हे त्याचं म्हणणं. मी एक लहान सिलिंडर कसाबसा मिळवून दिला. काकी त्याच्या काट्याकडे बघत बसायच्या, भात करपला तरी त्यांना कळायचं नाही. हॉस्पिटलचं नाव काढलं की काका मान हलवायचे. कोरोनात त्या खाटेवर त्यांनी शेजारची दोन माणसं जाताना बघितली होती. “मला या उंबरठ्याच्या आत ठेवा,” एवढंच म्हणायचे. मशीन मिळालं तर ते घरात राहणार होते. नाही मिळालं तर त्यांना न्यावं लागणार होतं आणि नेलेला माणूस परत येईल याची खात्री त्यांना नव्हती, आम्हालाही नव्हती.

एका संध्याकाळी ताई आणि मी मधुकाकांच्या पडवीत बसलो असताना बाळा आला. बाळाला मधुकाकांनीच कंपनीत चिकटवलं होतं. अजून तो त्याच बसनं लोट्याला जातो. त्यानं काकांचे पाय दाबले. म्हणाला, “काका, ज्यानं तुमचा मशीन नेलान ना, त्याचा वाटोळा होईल. मी सांगतो तुमाला. असल्याला पानी मागायला पन कोन उरूचा नाय.” काकांना बोलायला वेळ लागायचा. नळी सावरत ते म्हणाले, “शिव्या नको घालूस, बाळा. त्याच्याकडं पन कुणाला दम लागत असंल.” बाळाच्या डोळ्यांत पाणी आलं. ते खोटं नव्हतं, हे मी आजही शपथेवर सांगेन.

ताईंनी बाजारभर सांगून बघितलं होतं की ऑक्सिजनचं मशीन कुणाकडे चुकून आलं असेल तर आणून द्या, मी काही विचारणार नाही. कुणी आणलं नाही. मग दुसऱ्या दिवशी त्यांनी निराळंच सुरू केलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागल्या, “कोणाच्या घरी नवी-जुनी वस्तू चालत नसेल, जोडायची राहिली असेल, तर मला बोलवा. पैसे नकोत.” मला वाटलं, बाईच्या डोक्यावर परिणाम झाला.

आणि विश्वास ठेवा, लोकांनी बोलावलं. का नाही बोलावणार? पंचक्रोशीत टीव्ही भिंतीला लावणारं दुसरं होतं कोण? सवयीनं हात त्यांच्याच नंबरकडे गेले. त्यांची स्कूटर जमावानं उलटवून मोडली होती, म्हणून मी माझ्या स्कूटरवरून त्यांना न्यायचो. पहिल्याच घरात ताईंच्याच दुकानातला मोठा टीव्ही जमिनीवर टेकवून ठेवलेला. घरातली बाई पदरात तोंड लपवून कोपऱ्यात, बाप्या खाली मान घालून. माझ्या अंगाची लाही झाली. ताईंनी मात्र भिंतीला भोकं पाडली, टीव्ही टांगला, चॅनेल लावून दिले आणि बोलता बोलता आतल्या खोल्यांत नजर टाकून आल्या. निघताना म्हणाल्या, “एवढं लक्षात ठेवा, बिल नाही म्हणजे वॉरंटी नाही.” रस्त्यावर आल्यावर मी म्हणालो, “ताई, हे काय चालवलंय तुम्ही?” त्या म्हणाल्या, “आता बाकीची घरं मला आपणहून दार उघडतील. गप गाडी चालव.”

दोन दिवस आम्ही असे चोरांच्या घरी चोरीचा माल जोडत फिरलो. मशीन कुठंच नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी ताई माझ्या काउंटरवर बसल्या होत्या. त्यांचा फोन वाजला. बाळाची बायको होती. स्पीकरची सवय, म्हणून मलाही ऐकू आलं. “ताई, रागावू नका हां. तुमच्याकडचा… म्हंजे हे घेऊन आले ते… कूलर हाय. गार वारा नाय येत. उलट गरम येतो खालनं. नि सारखा शिट्टी मारतो.”

त्या दुकानात इतक्या वर्षांत कूलर कधी आलाच नव्हता.

“बंद कर ते,” ताई म्हणाल्या. आवाज अगदी नेहमीचा. “मी येते.” मग माझ्याकडे वळून, “सदा, स्कूटर.”

बाळाच्या घरी ओटीवरच ते पांढरं, चाकांवरचं मशीन उभं होतं, झाकणाशिवाय. समोर बाळाची म्हातारी आई पाय पसरून वारा घ्यायला बसली होती. मशीनच्या मागं स्पंजची गाळणी असते, धूळ आत जाऊ नये म्हणून. ती चिंब ओली होती. खाली तांब्या ठेवलेला. ताई गुडघ्यावर बसल्या आणि त्यांनी गाळणीला बोट लावलं.

“यात पाणी घातलंस?”

“घातला की,” बाळाची बायको म्हणाली. “कूलर ना तो? त्या काथ्याला पानी मारायचा असतो ना? रोज मारताव. काल बर्फ पन लावला.”

ताईंनी डोळे मिटून घेतले. मी त्या बाईला सांगणार होतो, पण तेवढ्यात पहिली पाळी संपवून बाळा दारात आला, हातात डब्याची पिशवी. ताईंना बघून तो आधी ओशाळला. ताई उठल्या आणि म्हणाल्या, “बाळा, मधुकाकांचं मशीन.”

त्याचा चेहरा उजळला. खरोखर उजळला. “गावला? कुठं गावला, ताई?”

त्यानं माझ्याकडे बघितलं, मग ताईंच्या ओल्या बोटांकडे, मग ओटीवरच्या त्या पेटीकडे. डब्याची पिशवी हातातून सुटली. “सगळे नेत होते,” तो म्हणाला, आमच्याकडे न बघता. “मी शेवटाला गेलो. मागल्या दारात ह्यो एवढाच ऱ्हायला होता.” त्याच्या बायकोनं तांब्या पदराआड लपवला. म्हातारी मात्र विचारत राहिली, “काय झाला गो? वारा का बंद केलाव?”

मी स्कूटर पुढं आणली, पण बाळानं मशीन खांद्यावर घेतलं आणि तसाच चालायला लागला. भर उन्हात, बाजारातून, सगळ्यांच्या देखत. आम्ही दोघं स्कूटर हातानं ढकलत त्याच्या मागून. मधुकाकांच्या पडवीत त्यानं मशीन उतरवलं तेव्हा काकी धावत आल्या आणि त्याचा घामेजलेला चेहरा त्यांनी दोन्ही हातांत धरला. “बाळा, तू शोधलंस? माझ्या सोन्या, तू शोधून आणलंस?”

बाळानं तोंड उघडलं. ताई त्याच्याआधी बोलल्या. “काकी, मला एक कोरडं फडकं द्या.”

पण फडक्यानं काही होणार नव्हतं. या मशीनच्या पोटात एक पूड असते, तीच हवेतला ऑक्सिजन वेगळा करते, आणि तिला पाण्याचं वावडं. तिच्यात ओल शिरली की ती कायमची मेली. ताईंना हे पहिल्या क्षणी कळलं होतं, त्या बोट लावल्याक्षणी. तरी दिवस मावळेपर्यंत त्यांनी ते खोललं, पुसलं, उन्हात धरलं, परत जोडलं. चालू केलं की पंखा फिरायचा, हवा यायची आणि थोड्या वेळानं ऑक्सिजन कमी असल्याची शिट्टी वाजायची. काका खुर्चीतून ते बघत होते. शेवटी त्यांनीच हातानं खूण केली, पुरे.

ॲम्ब्युलन्स आली. पोलिसांची गाडी पुढं होती, त्यामुळं रस्ता मोकळा मिळाला, एवढंच बरं. उंबरठा ओलांडताना काकांनी चौकट धरली आणि हात सोडवून घ्यायला बाळाला जोर करावा लागला. ते रत्नागिरीहून परत आले ते आम्ही सगळे त्यांना आणायला गेलो तेव्हाच. खांदा द्यायला बाळा पुढं होता. शेवटपर्यंत त्यानं खांदा बदलू दिला नाही, आणि सगळ्यांना वाटलं, बिचाऱ्याचा गुरूच गेला.

मशीन कुणी नेलं होतं ते ताईंनी काकींना कधी सांगितलं नाही. मीही नाही. हे लिहितानाही सगळी नावं मी बदलली आहेत.

पावसाळा सरता सरता ताईंनी दुकान परत उघडलं. विकायला माल नव्हताच, नुसती दुरुस्ती. मागची फळी त्यांनी काढून टाकली होती आणि तिथं एक लाकडी बाक ठेवला होता. फोन घेऊन माणूस आला की त्या म्हणायच्या, “बस. समोर करते. झालं की घेऊन जा.” काम मोठं असलं तर, “मला जमणार नाही, चिपळूणला ने.” कुणी सवयीनं म्हणालं, ‘ताई, ठेवून जातो,’ तर त्या वस्तू उचलून त्याच्या हातात परत द्यायच्या. माझा स्वतःचा फोनही त्यांनी ठेवून घेतला नाही. “तू तर समोरच असतोस, बस इथंच,” म्हणाल्या. मी दुकान टाकून त्या बाकावर बसलो. माझ्या शेजारी कोण बसलं होतं, तर तो साउंडबारवाला. आम्ही पावसाच्या गप्पा मारल्या.

दिवाळीनंतर त्यांनी गाळा सोडला आणि त्या रत्नागिरीला भावाकडे गेल्या. त्याआधीच्या आठवड्यात मी त्यांना दुकानात शेवटचं नीट बघितलं, ते असं.

बाळा आला होता. उंच, हाडापेराचा गडी, पण त्या काही महिन्यांत निम्मा झाला होता. त्याच्या फोनचा स्पीकर गेला होता. तो बाकावर माझ्याशेजारी बसला नाही, काउंटरपाशी उभाच राहिला. ताईंनी भिंग डोळ्यावर ओढलं, फोन खोलला, नवीन स्पीकर घातला. मग ताईंनी फोन त्याच्यापुढं सरकवला आणि म्हणाल्या, “लाव फोन.”

“घरी लावू?”

“काकींना लाव.”

बाळानं माझ्याकडे बघितलं. मी खिशातल्या गोळ्यांच्या पाकिटावरची तारीख वाचायला लागलो. त्यानं नंबर लावला. घंटा बराच वेळ वाजली, आणि मग स्पीकरवर काकींचा आवाज आला, अगदी जवळ असल्यासारखा.

“कोण? बाळा काय? बरा केलंस रे फोन केलंस. आता कोन फोन करत नाय बघ. जेवलास?”

“होय, काकी. तुमी… तुमी काय केलाव जेवन?”

“एकटीला काय करायचा? पेज केली. ऐक ना, बाळा, तू त्या दिवशी खांद्यावरनं मशीन घेऊन आलास ना, त्याचा विषय ह्यांनी जाताना पन काढला होता. पोरानं माझ्यासाठी शोधून आणलान म्हणाले. एकदा येऊन जा रे.”

बाळानं फोन तोंडाजवळ नेला. ‘येतो’ म्हणाला की नुसता श्वास सोडला, ते मला कळलं नाही. पलीकडून फोन ठेवला गेला. त्यानं फोन काउंटरवर ठेवला, जणू तो परत घ्यायचाच नव्हता, आणि जायला वळला.

ताईंनी भिंग कपाळावर सरकवलं. फोन उचलला, कोटाच्या बाहीनं पुसला आणि त्याला हाक मारून त्याच्या हातात दिला.

“आवाज नीट येतोय,” त्या म्हणाल्या. “घेऊन जा.”